पाण्यातली म्हैस आणि दारातला पोस्टमन



‘पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जी वस्तू डोळ्यांनी नीट पाहिली नाही, हाताने चाचपली नाही, तिचा सौदा करू नये, हे शहाणपण तीत साठविलेले आहे. आज मात्र घरोघरी माणसे मोबाईलवरची चित्रे पाहून साड्या, चपला, कुकर, एवढेच काय पण महिन्याचे वाणसामानही मागवितात. सारा समाजच पाण्यातल्या म्हशीचे मोल करू लागला की काय, असे वाटावे. यावरून पुष्कळांचा असा ग्रह होतो की, आपले गिऱ्हाईक गेल्या पंधरा-वीस वर्षांत मुळापासून बदलले. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. गिऱ्हाईक सहजासहजी बदलले नाही. आधी व्यापारालाच त्याच्या जुन्या सवयीपुढे नमावे लागले. आणि हे काही प्रथमच घडले असेही नाही.

थोडे मागे जाऊ. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली टपालाचा कायदा झाला आणि अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर ठरला. शहरातल्या दुकानाची वार्ता खेड्यापर्यंत पोचण्याची सोय झाली. पण दुकानदार आणि गिऱ्हाईक एकमेकांना अनोळखी. गावच्या वाण्याची गोष्ट वेगळी. त्याच्या वहीत आपल्या आजोबांचे खाते असते, आणि माल खराब निघाला तर त्याला दुसऱ्या दिवशी जाब विचारता येतो. मुंबईच्या पेढीला जाब कोण विचारणार? आधी पैसे पाठवावेत तर माल येईल याची शाश्वती नाही; आधी माल पाठवावा तर पैसे येतील याची शाश्वती नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८७७ साली, टपालखात्याने हा पेच सोडविला. पोस्टमनने पार्सल दारात न्यावे, किंमत वसूल करून ते हाती द्यावे, आणि खात्याने ती रक्कम दुकानदाराकडे पोचती करावी, अशी ती योजना होती. तीच आपली ‘व्ही. पी.’. १८८० साली मनीऑर्डरही आली. दोन अनोळखी माणसांमध्ये दोघांच्याही विश्वासातला तिसरा माणूस उभा राहिला, आणि तो खाकी पोशाखात होता.

महाराष्ट्रात व्ही. पी.ने काय काय फिरले! पुस्तके, मासिके, औषधे, घड्याळे. आपण ‘व्ही. पी. सोडविली’ असे म्हणत असू, जणू एखादी गहाण पडलेली चीज घरी आणली.

पण ही व्यवस्था निर्दोष नव्हती. पैसे मोजल्यावरच पुडके उघडता येई. आत काय निघेल ते नशिबावर. न मागविलेली पार्सले पाठवून पैसे उकळणारेही निघाले असले पाहिजेत, कारण १८९८ च्या टपाल कायद्यात यावर तजवीज केलेली आढळते. खरोखरीच्या मागणीवरूनच माल पाठविला आहे, असे प्रतिज्ञापन पाठविणाऱ्याकडून मागण्याचा, आणि लबाडी झाल्यास वसूल केलेली रक्कम रोखून गिऱ्हाइकाला परत देण्याचा अधिकार त्यात होता. उलट बाजूही होती. मागणी नोंदवून नंतर पार्सल नाकारणारे गिऱ्हाईक काही दुर्मीळ नव्हते. व्ही. पी. परत करू नये, अशी काकुळतीची विनंती मासिकांचे चालक छापीत असत. परतीच्या टपालाचा भुर्दंड त्यांच्याच माथी बसे.

आता आपल्या काळाकडे वळू. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि टपालखात्याचे अधिकारी. आज प्रत्येक ऑनलाइन दुकान आपल्याला आधी तोच क्रमांक विचारते.

२००२ साली रेल्वेचे तिकीट इंटरनेटवर मिळू लागले. लोकांनी ते घेतले, कारण विकणारी रेल्वे होती. ती पळून कोठे जाणार? २००७ साली बंगळूरला ‘फ्लिपकार्ट’ निघाली, आणि तिनेही प्रारंभ केला तो पुस्तकांपासून. व्ही. पी.च्या काळीही पुस्तकच पुढे होते, यात नवल नाही. पुस्तकाची एक प्रत दुसरीसारखीच असते. लुगड्याप्रमाणे तिचा पोत चाचपावा लागत नाही. पण पुढे काय? पुष्कळांकडे क्रेडिट कार्ड नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते तेही त्याचा क्रमांक परक्याला सांगण्यास कचरत. तेव्हा २०१० साली या कंपनीने माल दारात आल्यावर रोख पैसे घेण्याची सोय केली. २०१३ साली आलेल्या ‘ॲमेझॉन’लाही तीच वाट धरावी लागली. नाव इंग्रजी नवे, पण वस्तू आपली जुनी व्ही. पी.च! तिला जोड मिळाली ती माल परत करण्याच्या सवलतीची. म्हणजे म्हैस घरी आणून पाहावी आणि पसंत नसेल तर परत धाडावी.

पुढे २०१६ साल आले. एप्रिलमध्ये यूपीआयची योजना जाहीर झाली, नोव्हेंबरात पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, आणि मोबाईलवरून पैसे देण्याची सवय भाजीच्या गाडीपर्यंत पोचली. मग ऑनलाइन खरेदीतही पुष्कळजण आधीच पैसे भरू लागले. दीडशे वर्षांची ‘आधी माल, मग दाम’ ही सवय आता सैल पडू लागली आहे, आणि माझ्या चिंतेचे कारण हेच आहे. ती सवय म्हणजे मागासलेपणा नव्हता. दुबळ्या गिऱ्हाइकाच्या हाती असलेले ते एकमेव शस्त्र होते. ते खाली ठेवायचे असेल, तर त्याच्या जागी काय आले हे ठाऊक असले पाहिजे.

त्याच्या जागी कायदा आला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडेच तक्रार नेता येते. कंपनीच्या गावी जावे लागत नाही. २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन दुकानाने तक्रार अधिकारी नेमलाच पाहिजे. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी व महिन्याभरात तिचा निकाल लावावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पोस्टमनचे काम आता या तरतुदींनी करावयाचे आहे. पण पोस्टमन आपण होऊन दारी येत असे, कायदा मात्र बोलावल्याखेरीज येत नाही.

एक गोष्ट स्वतःलाही विचारू. दारात आलेले पार्सल केवळ मन बदलले म्हणून परत धाडताना, त्या फेरीचा खर्च कधी कधी एखाद्या लहान विणकराच्या किंवा गृहउद्योग चालविणाऱ्या बाईच्या पदरी पडतो, हे आपल्या ध्यानात असते काय? सचोटी ही दुकानदाराकडूनच मागण्याची वस्तू नव्हे. वाण्याच्या वहीत आपली पत लिहिलेली असे, आणि ती आपण जपत होतो. आज वही दिसत नाही, म्हणून पत जपण्याचे कारण संपले असे नाही.