कापुआची नाणी : शब्द बंडाचे, माप रोमचे

इ.स.पू. 216 मध्ये कॅनीच्या रणांगणावर कार्थेजचा सेनापती हॅनिबल याने रोमच्या सैन्याचा संहार केला. त्यानंतर दक्षिण इटलीतील कापुआ या संपन्न नगराने रोमची साथ सोडून हॅनिबलशी करार केला. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की, या करारानुसार कापुआच्या नागरिकांवर कार्थेजच्या अधिकाऱ्यांची सत्ता चालणार नव्हती. त्यांना सैन्यात सक्तीने भरती करता येणार नव्हते. कायदे आणि न्यायाधिकारी नगराचे स्वतःचेच राहणार होते.

लिव्हीने हे लिहिले ते सुमारे दोनशे वर्षांनंतर, आणि तेही विजेत्यांच्या बाजूने. कापुआची बाजू मांडणारा एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. उपलब्ध आहेत ती बंडाच्या काळात नगराने पाडलेली नाणी, मुख्यतः कांस्याची.

त्यांतील काहींच्या एका बाजूस ज्युपिटर देवाचे मस्तक आहे, तर दुसऱ्या बाजूस वज्रावर उभा असलेला गरुड. नगराचे नाव लॅटिनमध्ये नाही. ते स्थानिक ऑस्कन लिपीत, उजवीकडून डावीकडे कोरलेले आहे : ‘कापु’. ही स्वायत्ततेची उघड घोषणाच होती. परंतु नाण्याचे मूल्य सांगणारे ठिपके मात्र रोमन पद्धतीचे आहेत. एक ठिपका म्हणजे एक ‘उंकिया’, अर्थात ‘आस’ या रोमन नाण्याचा बारावा भाग. राजकीय नाते एका करारासरशी तुटले, पण बाजारातला हिशेब तुटला नाही.

आणखी एका नाण्यावर दोन योद्धे बळीच्या डुकरावर तलवारी रोखून शपथ घेताना दिसतात. त्याच युगात रोमने हेच दृश्य आपल्या सोन्याच्या नाण्यांवर कोरले होते. निष्ठेची जी प्रतिमा रोमने वापरली, तीच बंडखोरांनीही स्वीकारली.

कापुआला पडलेला वेढा उठवण्यासाठी हॅनिबल थेट रोमवर चालून गेला, पण व्यर्थ. इ.स.पू. 211 मध्ये नगर शरण आले. काही सभासदांनी विष घेतले, अनेकांचा शिरच्छेद झाला. इमारती वाचल्या; मात्र नगरसभा आणि न्यायाधिकारी राहिले नाहीत, जमीन रोमची झाली आणि कारभारासाठी रोमहून अधिकारी येऊ लागला. नाणी पाडण्याचा हक्कही संपला.

म्हणूनच ही नाणी अभ्यासकांना मोलाची वाटतात. त्यांचा काळ जेमतेम पाच वर्षांच्या चौकटीत बसतो, आणि हरलेल्या नगराचे स्वतःचे शब्द त्यांवर आजही वाचता येतात.