दोन परागंदा मित्रांची पत्रे

शास्त्रज्ञांचा पत्रव्यवहार म्हटला की समीकरणांनी भरलेले रुक्ष कागद डोळ्यांपुढे उभे राहतात. अल्बर्ट आइन्स्टाइन आणि माक्स बोर्न यांची पत्रे तशी नाहीत. १९१६ पासून १९५५ पर्यंतच्या ह्या पत्रांत पदार्थविज्ञान आहे, तशीच घरची ख्यालीखुशाली व थट्टामस्करीही आहे. बोर्न यांच्या पत्नी हेडविग याही त्यांत लिहीत. बर्लिनमध्ये एकाने व्हायोलिन व दुसऱ्याने पियानो वाजवावा, अशी ही मैत्री.

१९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने ज्यू वंशाच्या प्राध्यापकांना पदच्युत केले. आइन्स्टाइन अमेरिकेत प्रिन्स्टनला गेले, ते पुन्हा युरोपात आले नाहीत. बोर्न केंब्रिजला गेले. रामन यांच्या निमंत्रणावरून १९३५-३६ चा हिवाळा त्यांनी बंगलोरला काढला आणि अखेर ते एडिंबरोत स्थिरावले. मैत्रीचा भार आता टपालावर आला.

मतभेद मात्र जुना होता. सूक्ष्म कण कोठे सापडेल याची केवळ संभाव्यता सांगता येते, असे बोर्न यांनी १९२६ मध्ये मांडले. ईश्वर फासे टाकीत नाही, असे आइन्स्टाइन यांनी त्याच डिसेंबरात त्यांना कळविले. प्रवचनांतून हे वचन आस्तिकतेचा दाखला म्हणून ऐकू येते. आम्हांस ते पटत नाही. ती मित्राच्या सिद्धांताविषयीची तक्रार होती.

त्याहून कठीण प्रसंग १९५३ चा. एडिंबरोचे निवृत्तिवेतन तुटपुंजे, म्हणून बोर्न जर्मनीत परतण्यास निघाले. आपल्या आप्तांची कत्तल करणाऱ्यांच्या देशात? आइन्स्टाइन यांनी स्कॉटिश कंजूषपणावर ठपका ठेवीत हे विचारले. पण थट्टेआडची जखम लपत नाही. जर्मन क्वेकरांचे मुख्य ठाणे तेथेच आहे, असे बोर्न यांनी उत्तर दिले. दोघांपैकी कोणीही आपली भूमिका सोडली नाही, आणि पत्रेही थांबली नाहीत.

१९५४ मध्ये वाद पुन्हा पेटला, तेव्हा वोल्फगांग पाउली यांनी प्रिन्स्टनहून बोर्न यांना स्पष्ट लिहिले, की आइन्स्टाइन जे म्हणतच नाहीत त्याचे खंडन तुम्ही करीत आहात. त्याच वर्षी बोर्न यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेही विशेषतः त्या संभाव्यतेच्या मांडणीसाठी! आइन्स्टाइन यांनी मनःपूर्वक अभिनंदन केले. पुढील एप्रिलात ते निवर्तले.

१९६९ मध्ये बोर्न यांनी हा पत्रव्यवहार स्वतःच्या टिपणांसह प्रसिद्ध केला. पाउलींची ती पत्रे त्यांनी वगळली नाहीत.