हवेने निवणारे इंजिन आणि हौसेची मोटार

मोटारीचा इतिहास म्हटला की कारखानदारांची नावे आणि त्यांनी विकलेल्या गाड्यांचे आकडे पुढे येतात. परंतु या इतिहासाला आणखी एक बाजू आहे. कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी मोडून, कापून, तिच्यातून आपल्या हौसेची निराळीच गाडी उभी करणाऱ्या माणसांची ती बाजू होय. बल्लारपूर हे कोळशाच्या खाणी आणि कागद गिरणी यांच्या आधाराने वाढलेले गाव. फिटर, टर्नर, वेल्डर यांची येथे वानवा नाही. तेव्हा अशा गावात एक प्रश्न विचारणे अप्रस्तुत ठरू नये. जी हौस कॅलिफोर्नियात आणि ब्राझीलमध्ये हजारो हातांनी जोपासली, ती आपल्याकडे का रुजली नाही? आपल्या हातांत कसब नव्हते, की दुसरेच काही उणे होते?

या हौसेचे मूळ एका जर्मन गाडीत आहे. १९३४ साली फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे सामान्य माणसाच्या मोटारीची आखणी सोपविण्यात आली. किंमत हजार मार्कांच्या आत हवी, वेग ताशी १०० किलोमीटर हवा, आणि इंजिन हवेने थंड होणारे हवे, अशा अटी होत्या. शेवटच्या अटीचे कारण साधे होते. सामान्य माणसाजवळ गाडी ठेवावयास बंदिस्त जागा नसे; थंडीत रेडिएटरमधले पाणी गोठले तर इंजिनच फुटावयाचे. या फोक्सवागन गाडीसाठी तीन लाखांहून अधिक लोकांनी हप्त्याहप्त्याने पैसे भरले. पण हिटलरच्या राजवटीत त्यांपैकी एकालाही गाडी मिळाली नाही. कारखाना युद्धाच्या कामी जुंपला गेला आणि तेथे वेठीच्या मजुरांना राबविण्यात आले. ही काळी बाजू विसरून या गाडीची थोरवी गाणे योग्य होणार नाही. १९४५ नंतर ब्रिटिश अधिकारी मेजर आयव्हन हर्स्ट यांनी तो भग्न कारखाना पुन्हा चालू केला. पुढे ही गाडी जगभर 'बीटल' या नावाने प्रसिद्ध झाली. २००३ साली मेक्सिकोत शेवटची गाडी तयार झाली, तेव्हा एकूण संख्या २,१५,२९,४६४ भरली होती.

हौशी कारागिरांना या गाडीचे एवढे वेड का लागले, हे तिच्या बांधणीवरून कळते. चार सिलिंडर, दोन डावीकडे व दोन उजवीकडे, आडवे ठेवलेले. प्रत्येक सिलिंडर सुटा, आणि त्याच्याभोवती पातळ पापुद्र्यांसारखे धातूचे पंख. इंजिनावरचा पंखा या पंखांवर वारा घालतो. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, रबरी नळ्या नाहीत. इंजिन मागच्या बाजूस, गिअरबॉक्सला अवघ्या चार बोल्टांनी जोडलेले. दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. गाडीचा तळ हा स्वतंत्र असून चाके, इंजिन, स्टिअरिंग सर्व त्यावरच बसविलेले असते. वरची बॉडी बोल्ट काढून उचलली, तरी खालची गाडी चालू शकते.

चंद्रपूरकडच्या श्रोत्यांच्या मनात येथे एक शंका येईल. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४६-४७ अंशांवर जातो. तेव्हा असले इंजिन टिकणार कसे? याचे उत्तर असे की, सिलिंडरच्या पंखांचे तापमान शंभर अंशांच्या खूप वर असते, आणि त्या मानाने वाराही गारच ठरतो. मात्र इंजिनाभोवतीचे पत्रे नीट बसविलेले हवेत. ते पत्रे वाऱ्याला वाट दाखवितात आणि तापलेला वारा पुन्हा पंख्यात शिरू देत नाहीत. देखणेपणासाठी हे पत्रे काढून टाकणाऱ्या कित्येक हौशी मंडळींनी आपली इंजिने जाळून घेतली. उन्हाचा दोष थोडा, अर्धवट कारागिरीचा मोठा.

१९६४ साली कॅलिफोर्नियातील ब्रूस मायर्स या गृहस्थाने फायबरची एक उघडी, बुटकी गाडी बांधली. तो होड्या बांधणारा कारागीर; फायबरचे काम त्याच्या हातात मुरलेले. गाडीला त्याने 'मायर्स मँक्स' असे नाव दिले. मँक्स ही बिनशेपटीच्या मांजराची जात होय. पुढे जुन्या बीटलचा तळ सुमारे ३६ सेंटीमीटर कापून आखूड करावयाचा आणि त्यावर फायबरची बॉडी बसवावयाची, अशी रीत पडली. इंजिनाचा भार मागच्या चाकांवर असल्याने ही हलकी गाडी वाळूतही रुतत नसे. १९६७ साली मायर्सने आणि त्याच्या सोबत्याने मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पाची वैराण वाट पस्तीस तासांच्या आत पार केली, आणि या गाडीचे नाव सर्वतोमुखी झाले. मायर्सने काही हजार गाड्यांचे सामान विकले. पण न्यायालयाने त्याचा एकाधिकार मान्य केला नाही, आणि नकला करणाऱ्यांनी त्याच्या कित्येक पटींनी गाड्या काढल्या. मायर्सचे नुकसान झाले खरे. परंतु विद्या घरोघरी पसरली.

आता आपल्याकडे वळू. इचलकरंजी हे यंत्रमागांचे गाव. तेथील शंकरराव कुलकर्णी या बेताचे शालेय शिक्षण झालेल्या कारागिराने १९४० नंतरच्या दशकात स्वतःची छोटी मोटार बांधावयास घेतली. तिचे नाव 'मीरा'. पुढील पंचवीसएक वर्षांत त्यांनी तिचे एकामागून एक सुधारलेले नमुने केले. छोटे इंजिन, तेही मागच्या बाजूस, ही तिची ठेवण. गाडी रस्त्यावर धावली, लोकांनी पाहिली. पण तिचे कारखानी उत्पादन कधीच सुरू झाले नाही. १९८३ च्या डिसेंबरात गुरगावच्या कारखान्यातून जपानी आखणीची मारुती ८०० बाहेर पडली, आणि छोट्या गाडीचा प्रश्न वेगळ्याच वाटेने सुटला.

मायर्स आणि कुलकर्णी यांच्यात कसबाचा फरक पाहू नये. फरक पायाखालच्या जमिनीचा आहे. मायर्सला इंजिन बनवावे लागले नाही. ठोकरलेल्या, टाकून दिलेल्या बीटल गाड्या त्याला स्वस्तात मिळत, आणि त्यांचे सुटे भाग गावोगाव असत. कुलकर्णींना मात्र शून्यापासून गाडी उभी करावयाची होती. आपल्याकडे १९५१ च्या औद्योगिक कायद्याने मोठ्या उत्पादनास परवाना लागे. बाजारात मुख्यतः होत्या त्या ॲम्बॅसडर आणि फियाट. दोन्हींची इंजिने पाण्याने थंड होणारी, आणि दोन्हींची बॉडी हाच गाडीचा सांगाडा. बॉडी काढली की गाडीच उरत नाही! उलट ट्रक आणि जीप यांची चासी स्वतंत्र. म्हणून आपल्या सुतार-लोहारांची कला त्यांच्यावर किती खुलली, हे आपण रस्त्यावर रोज पाहतो.

परदेशी मालाला बंदी होती म्हणून हौस मेली, असेही म्हणता येत नाही. ब्राझीलने १९७६ पासून १९९० पर्यंत परदेशी गाड्यांना दार बंद केले होते. परंतु तेथे फोक्सवागन देशातच तयार होत असल्यामुळे त्याच पायावर पुमा, गुर्जेल अशा देशी गाड्या उभ्या राहिल्या. दार बंद असूनही घरात सामान होते. आपल्याकडे दारही बंद, आणि घरात योग्य सामानही नाही. पुण्याजवळच्या चाकण येथे फोक्सवागनचा कारखाना २००९ साली निघाला, तोवर हवेने निवणाऱ्या बीटलचे युग संपले होते.

मग आज काय? २००७ पासून पिथमपूर येथे 'बाहा' नावाची स्पर्धा भरू लागली. त्याच मेक्सिकन द्वीपकल्पाचे हे नाव! इंजिनिअरिंगची मुले हवेने थंड होणाऱ्या लहान इंजिनावर स्वतः नळ्या वाकवून, वेल्डिंग करून गाड्या बांधतात. म्हणजे कसब आहे आणि हौसही आहे. मात्र ती गाडी स्पर्धेच्या आवाराबाहेर रस्त्यावर येऊ शकत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मूळ बनावटीशी विसंगत असा बदल गाडीत करता येणार नाही. या दंडकामागे लोकांच्या जिवाची काळजी आहे, आणि ती रास्तच आहे. चुकीच्या जागी केलेले एक वेल्डिंग भर रस्त्यात परक्याचा जीव घेऊ शकते.

तथापि सुरक्षितता हवी म्हणून हौशी कारागीर नको, हा निष्कर्ष काही खरा नव्हे. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र तपासणी करून तिला रस्त्यावर येऊ देतात. ब्रेक, दिवे, सांगाडा सर्व पारखून घेतात. उत्तीर्ण झाली तर नोंद, नाही तर परत. अशी सोय आपल्याकडेही झाली, तर मिस्त्रीला चोरून बदल करावा लागणार नाही आणि अधिकाऱ्यालाही डोळेझाक करावी लागणार नाही. खाणीत आणि गिरणीत लोखंडाशी झुंजणाऱ्या या गावाने ही मागणी करावी, हे त्याला शोभून दिसेल. कसबी हाताला कायद्याच्या बाहेर उभे ठेवणारा समाज त्या हाताचे काम तर गमावतोच; पण त्याला शिस्त लावण्याची संधीही गमावतो.