खेळ कोसळतो तेव्हा दोष कोणाचा?

संगणकावरील खेळ ऐन रंगात आला असताना पडदा एकाएकी काळा पडावा, किंवा इंग्रजी मजकुराची एक चौकट झळकून सारे बंद व्हावे, यालाच 'क्रॅश' म्हणतात. अशा वेळी खेळाचे निर्माते संगणकाकडे बोट दाखवतात आणि संगणकाचा विक्रेता खेळाकडे. बहुतांश वेळा दोष सॉफ्टवेअरचाच असतो : प्रोग्रॅममध्ये राहून गेलेली चूक, नाही तर जुना झालेला ग्राफिक्स ड्रायव्हर. मात्र हार्डवेअरचा वाटा वाटतो तितका नगण्य नाही.

'गिल्ड वॉर्स' हा ऑनलाइन खेळ २००५ मध्ये बाजारात आला. त्याच्या निर्मात्यांकडे काही क्रॅशचे असे तपशील येत, की प्रोग्रॅम वाचून पाहिल्यास ती चूक घडणेच अशक्य वाटावे. तेव्हा त्यांनी खेळातच एक छोटी परीक्षा बसवली. खेळ सुरू असताना संगणकाने काही आकडेमोड करायची आणि उत्तर आधीच ठाऊक असलेल्या उत्तराशी ताडून पाहायचे. सुमारे एक टक्का संगणक या परीक्षेत नापास झाले! ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवलेला प्रोसेसर, मेमरीची चुकीची मांडणी, अपुरा वीजपुरवठा आणि धुळीने कोंडलेली उष्णता ही त्यामागची नेहमीची कारणे.

पण ग्राहकाने काहीही आगळीक केलेली नसतानाही हार्डवेअर दगा देऊ शकते. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर अनुक्रमे २०२२ व २०२३ मध्ये आले. त्यांतील महागड्या प्रोसेसरवर 'अनरिअल इंजिन'वर आधारलेले खेळ सुरू होतानाच कोसळू लागले. पडद्यावर संदेश येई, 'व्हिडिओ मेमरी संपली'. साहजिकच संशय ग्राफिक्स कार्डावर जाई. प्रत्यक्षात कार्डावर मेमरी मुबलक असे. खेळ सुरू होताना घट्ट आवळून साठवलेली माहिती प्रोसेसर उलगडतो. हे काम इतके काटेकोर, की एखादा बिट चुकला तरी पुढचे सारे बिघडते. चुकत होता प्रोसेसर आणि आळ येत होता कार्डावर. पडद्यावरचा संदेश चूक कोठे उघडकीस आली तेवढेच सांगतो. ती कोठे उपजली हे त्याला ठाऊक नसते.

२०२४ च्या जुलैमध्ये इंटेलने कारण जाहीर केले. प्रोसेसरच्या आतील 'मायक्रोकोड' हा सूक्ष्म प्रोग्रॅम गरजेपेक्षा अधिक व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे प्रोसेसर हळूहळू झिजत होता. म्हणजे मूळ चूक सॉफ्टवेअरच्या जातीची, इजा मात्र हार्डवेअरला! ऑगस्ट व सप्टेंबर २०२४ मध्ये सुधारित मायक्रोकोड आले. ते बायॉस अद्ययावत करून बसवावे लागतात, आणि एकदा झिजलेला प्रोसेसर त्यांनी बरा होत नाही.

मग घरच्या घरी निदान कसे करावे? एकच खेळ, एकाच ठिकाणी, दर वेळी कोसळत असेल तर प्रथम सॉफ्टवेअरवर संशय घ्यावा. अद्ययावत आवृत्ती आणि नवा ड्रायव्हर यांनी पुष्कळदा काम भागते. निरनिराळे खेळ निरनिराळ्या जागी बंद पडत असतील, मोठी झिप फाइल उलगडताना त्रुटी येत असेल किंवा संगणक आपोआप पुन्हा सुरू होत असेल, तर यंत्र तपासावे. 'मेमटेस्ट८६' हा प्रोग्रॅम रात्रभर चालवून मेमरी पारखता येते. प्रोसेसर वा मेमरीचा वेग वाढवला असेल तर तो पूर्ववत करून पाहावा. विंडोज नव्याने टाकणे हा आपल्याकडचा आवडता उपाय, पण तो या सर्वांनंतरच करावा.

वर उल्लेखिलेल्या प्रोसेसरची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे. सुटा, खोक्यातून घेतलेला प्रोसेसर असल्यास थेट इंटेलकडे दाद मागता येते. तयार जोडलेला संगणक घेतला असेल, तर तो बनवणाऱ्या कंपनीकडे जावे लागते.