फाल्डिस्टोरियम (बिशपचे घडीचे आसन)

रोमन कॅथलिक चर्चच्या उपासनाविधींत बिशप व त्यांच्या बरोबरीचा मान असलेले धर्माधिकारी यांनी वापरावयाचे, पाठ नसलेले व घडी घालता येण्याजोगे आसन. बिशपला स्वतःच्या कॅथीड्रलमधील स्थिर सिंहासनावर म्हणजे कॅथीड्रावर बसण्याचा हक्क नसेल किंवा विधीच्या स्वरूपामुळे तेथे बसणे सोयीचे नसेल, अशा प्रसंगी हे आसन वेदीजवळ आणून मांडतात. पाहणाऱ्याला ते एक साधे बैठे स्टूल वाटते. तथापि अमुक बिशपचा अधिकार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे ज्या थोड्या वस्तूंवरून भाविकांना डोळ्यांनी पाहता येत असे, त्यांत या आसनाची गणना करावी लागते.

याची रचना अगदी सोपी आहे. फुलीच्या आकारात एकमेकांना छेदणाऱ्या पायांच्या दोन जोड्या मधोमध खिळीने जोडलेल्या असतात आणि वरच्या टोकांना बांधलेल्या आडव्या दांड्यांवर कातड्याची किंवा जाड कापडाची पट्टी ताणून बसवितात. पायांची टोके बैठकीच्या वर थोडी वाढवून तेथे गोळे किंवा पशूंची मुखे घडविण्याची प्रथा होती. त्यांचाच हात टेकण्यास उपयोग होई. लाकूड, लोखंड, कासे व हस्तिदंत यांची अशी आसने आढळतात. पुढे प्रवासाची गरज उरली नाही, तेव्हा खिळी पक्की करून टाकलेली, म्हणजे केवळ दिसण्यापुरतीच घडीची, अशी आसनेही बनू लागली. विधीच्या वेळी आसनावर जमिनीपर्यंत लोंबणारे रेशमी आच्छादन घालीत व वर उशी ठेवीत. आच्छादनाचा रंग त्या दिवसाच्या उपासनेचा असे. परिणामी ज्या चौकटीमुळे आसनाला नाव मिळाले, ती चौकटच ऐन विधीत उपासकांच्या दृष्टीस पडत नसे.

फाल्डिस्टोरियम हा शब्द लॅटिन वळणाचा असला, तरी मूळचा लॅटिन नव्हे. जुन्या जर्मानिक भाषांतील ‘घडी घालणे’ व ‘आसन’ या अर्थांच्या दोन शब्दांचा तो समास असून चर्चच्या लेखकांनी त्याला लॅटिन प्रत्यय जोडला. याच समासापासून जुन्या फ्रेंच भाषेत ‘फाल्डेस्टोएल’ व त्यापासून आजचा ‘फोतय’ हा शब्द आला. फोतय म्हणजे गुबगुबीत हातांची, पाठ असलेली आरामखुर्ची. फ्रेंच अकादमीच्या चाळीस सभासदत्वांनाही हाच शब्द लावतात. सहज घडी घालून खांद्यावर टाकता येणाऱ्या वस्तूचे नाव शेवटी घरातील सर्वांत जड खुर्चीला चिकटावे, हा शब्दांच्या इतिहासातील एक गमतीदार प्रकार म्हणावा लागेल.

घडीच्या आसनाची कल्पना ख्रिस्ती धर्माहून फार जुनी आहे. ईजिप्तमध्ये ती इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात चांगली रुळलेली होती. हॉवर्ड कार्टर यांना १९२२ मध्ये सापडलेल्या तूतांखामेनच्या थडग्यातील वस्तूंत, पायांची टोके बदकाच्या मानेसारखी कोरलेली अशी आसने आहेत. डेन्मार्कमधील गुल्डहॉइ येथील थडग्यात ॲश झाडाच्या लाकडाचे व पाणमांजराच्या कातड्याची बैठक असलेले असेच आसन मिळाले, ते इ. स. पू. चौदाव्या शतकातील आहे. ग्रीकांतही अशी आसने प्रचलित होती.

या आसनाला राजकीय अर्थ दिला तो मात्र रोमनांनी. ‘सेला कुरुलिस’ या नावाच्या हस्तिदंती आसनावर बसण्याचा मान कॉन्सल, प्रीटर, हुकूमशहा आणि कुरुल ईडाइल अशा ठराविक अधिकाऱ्यांनाच असे. ही पद्धत रोमनांनी इट्रुस्कनांकडून घेतली, असे इतिहासकार लिव्ही सांगतो. अधिकारी जेथे जाई, तेथे त्याचे आसन जाई आणि जेथे ते मांडले जाई, तेथे त्याचे न्यायासन होई. इ. स. पू. ३९० च्या सुमारास गॉल लोकांनी रोम लुटले, त्या वेळची लिव्हीने दिलेली हकीकत प्रसिद्ध आहे. पळून जाण्यास नकार दिलेले वृद्ध अधिकारी आपापल्या घरांच्या ओसरीत पूर्ण अधिकारवेष करून हस्तिदंती आसनांवर निश्चल बसून राहिले. ते पुतळे आहेत की माणसे, हे न कळून एका गॉलने मार्कस पपीरिअस याच्या दाढीला हात लावला. त्याने हातातील दंड त्याच्या डोक्यात घातला आणि मग कत्तल सुरू झाली. कथेचा तपशील किती खरा मानावा, हा प्रश्न वेगळा. आसन म्हणजेच पद ही रोमन समजूत तिच्यात स्पष्ट उतरली आहे.

बिशपचे आसन या रोमन आसनाचेच सरळ वंशज होय, असे मत अनेकदा मांडले जाते. आकारापुरते ते मान्य करण्यास हरकत नाही. परंतु नाव जर्मानिक असावे, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. रोमन दंडाधिकाऱ्यांपासून हे आसन थेट वेदीपाशी आले असते, तर त्याने आपले लॅटिन नावही बरोबर आणले असते. रोमन आसन प्रथम फ्रँक व इतर जर्मानिक राजांच्या दरबारांत आणि छावण्यांत गेले व तेथून धर्माधिकाऱ्यांकडे आले, ही उपपत्ती अधिक सयुक्तिक वाटते. मध्ययुगीन पुरावाही याच बाजूचा आहे. फ्रान्सच्या कापेशियन राजांच्या मुद्रांवर राजा पशुमुखे असलेल्या अशाच आसनावर बसलेला दिसतो आणि रोलांच्या वीरगीतात शार्लमेनला शुद्ध सोन्याच्या फाल्डेस्टोएलवर बसविले आहे.

राजांच्या आसनांपैकी सर्वांत विख्यात म्हणजे ‘दागोबेअरचे सिंहासन’. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातील नाणी-पदकांच्या संग्रहात ते ठेवलेले आहे. कासे धातूच्या या आसनाचा पशुमुखी पायांचा खालचा भाग जुना असून हात व पाठ नंतर जोडलेली आहेत. या जोडणीमुळे त्याची घडी होणे कायमचे थांबले. सातव्या शतकातील राजा पहिला दागोबेअर याच्यासाठी सुवर्णकार संत एल्वा यांनी ते घडविले, ही परंपरागत समजूत. बाराव्या शतकात सँ-दनी येथील मठाधिपती स्यूझे यांनी ते मोडकळीस आलेले पाहून दुरुस्त करविले आणि फ्रँक राजे सत्ता हाती घेतल्यावर सरदारांचे अभिवादन स्वीकारण्यासाठी त्यावर बसत असत, अशी नोंद करून ठेवली. १८०४ मध्ये बूलॉन्यच्या लष्करी तळावर लीजन ऑफ ऑनरची पदके वाटताना नेपोलियनने मुद्दाम हेच आसन मागविले होते. वंशपरंपरेने आलेले राज्य नसलेल्या सम्राटाला आसन तेवढे परंपरेचे हवे होते.

चर्चमधील या आसनाचे स्थान समजण्यासाठी ते कॅथीड्राशेजारी ठेवून पाहावे लागते. प्राचीन चर्चमध्ये बिशपचे आसन वेदीमागच्या अर्धवर्तुळाकार भागात भिंतीला धरून बांधलेले असे. तेथून तो शिकवण देई आणि निर्णय करी. ज्या चर्चमध्ये ही कॅथीड्रा असते, तेच कॅथीड्रल. एका धर्मप्रांतात एक बिशप आणि त्याची एकच कॅथीड्रा, हे तत्त्व होते. फाल्डिस्टोरियम नेमके याच्या उलट आहे. ते कोठेही नेता येते, विधी संपताच उचलले जाते आणि कोणत्याही स्थळावर हक्क सांगत नाही.

यावरून वापराचे नियम सिद्ध झाले. पोप आठवे क्लेमेंट यांनी १६०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘कैरेमोनियाले एपिस्कोपोरुम’ या विधिग्रंथात त्यांना निश्चित रूप मिळाले. स्वतःच्या धर्मप्रांतात बिशप सिंहासनावरून मिस्सा करी. दुसऱ्याच्या धर्मप्रांतात पाहुणा म्हणून गेलेला बिशप किंवा साहाय्यक बिशप ती फाल्डिस्टोरियमवरून करी. दोन्ही मिस्सांत प्रार्थना त्याच, वेदी तीच, अर्पणही तेच. परंतु लवाजमा निराळा. सिंहासनावरील बिशपजवळ साहाय्यक धर्मगुरूखेरीज दोन मानाचे डीकन उभे राहत. फाल्डिस्टोरियमवरील बिशपजवळ ते नसत. धर्मप्रांताच्या बिशपसाठी वेदीवर सातवी मेणबत्ती लावीत; पाहुण्यासाठी सहाच. पाळकदंड हे कळप राखण्याचे चिन्ह असल्यामुळे परक्या कळपात तो परवानगीवाचून धरता येत नसे. आसन वेदीच्या उजव्या अंगाला, पत्रवाचनाच्या बाजूस मांडले जाई. सिंहासन त्याच्या समोरच्या बाजूस रिकामे राही, आणि त्या रिकाम्या सिंहासनाचा मालक कोण, हे चर्चमधील प्रत्येकाला ठाऊक असे.

तथापि फाल्डिस्टोरियम म्हणजे केवळ कमी मानाचे आसन, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. काही विधींत प्रत्यक्ष धर्मप्रांताचा बिशपही सिंहासन सोडून त्यावर बसत असे. धर्मगुरूंना दीक्षा देताना ते वेदीच्या मधोमध मांडीत आणि बिशप वेदीकडे पाठ करून त्यावर बसे. दीक्षार्थी त्याच्यापुढे गुडघे टेकीत. संतांची आळवणी चालू असताना दीक्षार्थी जमिनीवर पालथे पडत, तेव्हा बिशप याच आसनासमोर गुडघे टेकून त्यावर ओणवा होई. म्हणजे बसण्याचे आसन घटकाभर प्रार्थनेचा आधार बने. गुड फ्रायडेच्या विधीतही बिशप सिंहासन वर्ज्य करून फाल्डिस्टोरियम वापरी. शोकाच्या दिवशी अधिकाराचे आसन रिकामे ठेवावे, हा त्यातील भाव असावा.

या आसनाचा अर्थ सर्वांत स्पष्ट होतो तो नव्या बिशपच्या अभिषेकविधीत. अभिषेक करणारा बिशप वेदीसमोर फाल्डिस्टोरियमवर बसलेला असे. तैलाभ्यंग, पाळकदंड, अंगठी, मायटर असे सर्व सोपस्कार झाल्यावर नव्या बिशपला आसनस्थ करावयाचे असे. विधी त्याच्या स्वतःच्या कॅथीड्रलमध्ये होत असेल, तर त्याला तेथील सिंहासनावर नेत. अन्यत्र होत असेल, तर अभिषेक करणारा स्वतः उठे आणि आपल्या फाल्डिस्टोरियमवर त्याला बसवी. बिशपपद आणि धर्मप्रांतावरील सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली अभिषेकाने मिळते, दुसरी नेमणुकीने. धर्मशास्त्र्यांनी मोठे ग्रंथ लिहून मांडलेला हा भेद येथे एका आसनावरून उठण्या-बसण्यात सांगितलेला आहे.

हा भेद सर्वांत तीव्रतेने जाणवे तो नामधारी बिशपांना. ज्या प्राचीन धर्मप्रांतांत ख्रिस्ती समाज उरलेला नाही, त्यांची नावे धारण करणाऱ्या बिशपांना नामधारी म्हणतात. त्यांना अभिषेक पूर्ण झालेला असतो; पण जेथे ते राहतात, तेथे त्यांच्या पदनामाची कॅथीड्रा नसते. गोव्यातील दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउश द कास्त्रू हे लॅटिन परंपरेतील पहिले भारतीय बिशप या वर्गातलेच होत. रोममध्ये १६३७ मध्ये त्यांना क्रिसोपोलिसचे नामधारी बिशप करण्यात आले आणि आदिलशाही मुलखासाठी व्हिकार अपोस्टोलिक म्हणून पाठविण्यात आले. त्यांची अधिकारपत्रे पोर्तुगालमार्फत न आल्यामुळे गोव्यातील सत्ताधाऱ्यांनी ती मानली नाहीत व त्यांना आदिलशाही हद्दीतील डिचोलीचा आश्रय घ्यावा लागला. अभिषिक्त बिशपलाही आपल्या जन्मभूमीत बसावयास जागा नसावी, ही केवळ विधिग्रंथातील अडचण नव्हती. विसाव्या शतकातील मुंबईचे उदाहरण याहून सुखाचे आहे. व्हॅलेरियन ग्रेशस १९४६ मध्ये मुंबईचे साहाय्यक बिशप झाले. साहाय्यक बिशपला मुंबईच्या होली नेम कॅथीड्रलमध्ये नियमाप्रमाणे जागा फाल्डिस्टोरियमची. १९५० मध्ये ते आर्चबिशप झाले आणि त्याच चर्चमधील सिंहासन त्यांचे झाले. १९५३ मध्ये ते भारताचे पहिले कार्डिनल बनले.

नियमांची धार विसाव्या शतकात हळूहळू बोथट होत गेली. १९१७ च्या चर्च-विधिसंहितेने परक्या बिशपला विधी करण्यासाठी स्थानिक धर्माधिकाऱ्याची स्पष्ट किंवा निदान वाजवीपणे गृहीत धरता येईल अशी संमती आवश्यक ठरविली. परंतु अशी संमती देणाऱ्या बिशपला पाहुण्यास मेघडंबरीसह सिंहासन वापरू देण्याची मोकळीकही दिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) पोप सहावे पॉल यांच्या कारकीर्दीत २१ जून १९६८ रोजी निघालेल्या निर्देशाने बिशपांचे विधी पुष्कळच सुटसुटीत केले. सिंहासन या शब्दाऐवजी कॅथीड्रा हे जुने नाव पुढे आणले गेले, तिच्यावर नव्याने मेघडंबरी उभारणे थांबले आणि स्थानिक बिशपच्या निमंत्रणावरून दुसऱ्या बिशपलाही कॅथीड्रा मोकळी झाली. १९८४ मध्ये विधिग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. सिंहासनावरची मिस्सा व फाल्डिस्टोरियमवरची मिस्सा हा भेदच अशा रीतीने मावळला. जुन्या लॅटिन विधीत तो टिकून आहे. परंतु त्या विधीला २००७ मध्ये मिळालेली व्यापक मुभा २०२१ मध्ये पुन्हा आकुंचित करण्यात आली.

जुनी धार्मिक आसने थोडीच उरली आहेत. साल्झबर्गच्या नोनबेर्ग मठातील तेराव्या शतकातील आसन त्यांत उल्लेखनीय होय. हा स्त्रियांचा मठ असून तेथील मठाध्यक्षेला फाल्डिस्टोरियमचा मान मिळालेला होता. बिशपपद ज्यांना कधीही मिळणे शक्य नव्हते, त्यांनाही बिशपचे आसन मिळू शकत असे, हे त्यावरून दिसते. इटलीत पाव्हियाच्या संग्रहालयात सोन्याचांदीच्या जडावाचे लोखंडी आसन आहे. ते तिचीनो नदीच्या पात्रात सापडले. प्रबोधनकाळातील इटालियन घरांतून अशाच फुलीदार पायांच्या खुर्च्या वापरीत. त्यांना लावली जाणारी ‘सव्होनारोला’ व ‘दान्ते’ ही नावे एकोणिसाव्या शतकात पडली; त्या नावांचा त्या व्यक्तींशी संबंध नाही.

इंग्लंडमध्ये विंचेस्टर कॅथीड्रलमधील फुलीदार चौकटीच्या एका खुर्चीवर राणी पहिली मेरी १५५४ मध्ये स्पेनच्या फिलिपशी झालेल्या विवाहाच्या वेळी बसली होती, असे परंपरा सांगते. धर्मसुधारणेनंतर तेथील चर्चमध्ये या शब्दाचा अर्थ पालटला. बिशपने आसनावर ओणवून आळवणी करण्याची रीत आठवणीत राहिली आणि बसण्याचा अर्थ मागे पडला. तेव्हापासून आळवणी म्हणताना गुडघे टेकण्यासाठी वापरावयाच्या छोट्या मेजाला अँग्लिकन चर्चमध्ये ‘फाल्डस्टूल’ म्हणतात. २ जून १९५३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत राज्याभिषेकाच्या वेळी राणी दुसरी एलिझाबेथ प्रार्थनेसाठी गुडघे टेकून बसली, ती अशाच फाल्डस्टूलपाशी.