मुके एरियल

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री उत्तर अटलांटिक महासागरात ‘कॅलिफोर्नियन’ नावाचे जहाज बर्फाने वाट अडल्यामुळे थांबले होते. त्यावरील बिनतारी चालक सिरिल इव्हान्स याने ही वार्ता ‘टायटॅनिक’ला कळविण्यास घेतली. टायटॅनिकवरील जॅक फिलिप्स त्या वेळी केप रेस येथील ठाण्याला उतारूंच्या तारा पाठविण्यात गढून गेला होता. जवळच्या जहाजाचा कर्णकठोर संदेश मध्येच घुसताच त्याने इव्हान्सला गप्प बसण्यास बजाविले. इव्हान्सने काही वेळाने यंत्र बंद केले आणि तो झोपी गेला. ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगावर आदळले. सुमारे १,५०० माणसे बुडाली. आणि मदतीची हाक कॅलिफोर्नियनवर रात्रभर कोणी ऐकली नाही.

आकाश हा सर्वांचा सामाईक पाणवठा आहे, हे त्या रात्रीने जगाला शिकविले. त्याच वर्षी लंडनला आंतरराष्ट्रीय करार झाला आणि अमेरिकेने कायदा करून हौशी बिनतारी मंडळींना २०० मीटरहून आखूड लहरींपुरते मर्यादित केले. पुढे जहाजांच्या बिनतारी खोलीतील घड्याळांवर तांबडे पट्टे रंगविले गेले. दर तासाच्या १५ व्या आणि ४५ व्या मिनिटापासून तीन मिनिटे संकटाच्या लहरीवर सर्वांनी मौन पाळावयाचे आणि क्षीण हाक येते काय ते ऐकावयाचे, असा दंडक होता.

परंतु संदेशांखेरीज आणखी एक आवाज आकाशात मिसळत असे. तो म्हणजे चाचणीचा. नवा प्रक्षेपक बांधला किंवा जुना दुरुस्त केला, की तो चालवून पाहणे ओघानेच आले. आणि एरियल न जोडता तो चालविणे धोक्याचे असते. दळण न घालता जाते फिरविले तर दगडच दगडाला खातो, तद्वत निर्माण झालेल्या शक्तीला बाहेर वाट मिळाली नाही, तर ती प्रक्षेपकाच्याच व्हॉल्व्हना व इतर भागांना जाळू शकते. तेव्हा शक्ती तर खर्च व्हावी, पण लहर मात्र आकाशात जाऊ नये, अशी काही योजना हवी होती. तिला ‘डमी लोड’ म्हणतात. मराठीत तिला मुके एरियल म्हणावयास हरकत नाही.

हौशी मंडळींचे आरंभीचे मुके एरियल म्हणजे घरातला विजेचा दिवा. प्रक्षेपकाला दिवा जोडावा आणि तो किती उजळतो यावरून शक्तीचा अदमास घ्यावा. उपाय स्वस्त खरा; पण त्यात दोन खोटी होत्या. थंड तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकाच असतो. त्यामुळे प्रक्षेपकावरील भार घटकेघटकेला बदले. शिवाय उघड्या काचेतून आणि तारांतून थोडी लहर निसटे व शेजारच्या रेडिओत घरघरे. हे एरियल पुरते मुके नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात या मौनाला प्राणांचे मोल आले. कारण लहर उमटताच दिशाशोधक यंत्रे तिचा उगम हुडकू लागत. अमेरिकी रणगाड्यांतील एससीआर-५०८ या बिनतारी संचासाठी ‘ए-६२’ नावाचे ‘फँटम’, म्हणजे आभासी, एरियल असे. यंत्र जुळवून घ्यावे, पण शत्रूच्या कानी काही पडू नये, हा त्याचा उपयोग. लहर चालकाचा ठावठिकाणा कसा सांगते, याचा अनुभव मुंबईनेही घेतला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेले गुप्त काँग्रेस रेडिओ केंद्र पोलिसांना चुकविण्यासाठी जागा बदलत राहिले आणि अखेर १२ नोव्हेंबरला पकडले गेले.

युद्धानंतर घरच्या घरी मुके एरियल बांधण्याची रीत रूढ झाली. तांब्याच्या दोन चकत्या घ्याव्यात आणि त्यांच्यामध्ये प्रत्येकी १,००० ओहमचे व २ वॅटचे २० कार्बन-रोधक समांतर जोडावेत. एकूण रोध ५० ओहम होतो आणि ४० वॅट शक्ती जिरते. रोधक तार गुंडाळलेले नसावेत; कारण गुंडाळलेली तार उच्च कंपनांना वेटोळ्याप्रमाणे अडविते. सारी जोडणी धातूच्या बंद डब्यात ठेवली की लहर बाहेर फारशी निसटत नाही. डब्यात तेल भरल्यास ते उष्णता वाहून नेते आणि थोडा वेळ अधिक शक्ती सोसविते. मात्र तापलेले तेल फुगते. म्हणून झाकणास वाफ जाण्यापुरते छिद्र हवे. रोधकावरील विद्युद्दाब मोजला की शक्तीही कळते. ५० ओहमवर ७०.७ व्होल्ट भरले तर ती १०० वॅट होय.

अमेरिकेच्या हीथकिट कंपनीने हीच युक्ती रंगाच्या डब्यासारख्या गॅलनभर डब्यात बसवून ‘कँटेना’ या नावाने विकली. तेल मात्र गिऱ्हाइकाने आणावयाचे होते. त्या काळी विजेच्या रोहित्रांतील काही तेलांत पीसीबी नावाची रसायने असत. ती सहज पेट घेत नाहीत, म्हणून सुरक्षित वाटत. पण ती शरीरात साठून राहतात आणि घातक ठरतात. अमेरिकेत १९७९ साली त्यांच्या उत्पादनावर बंदी आली. जुना, तेलाने भरलेला डबा हाती आला तर तो उघडून तेल मोरीत ओतू नये. त्यात काय आहे याची आधी जाणत्याकडून तपासणी करून घ्यावी. आकाश स्वच्छ राखण्यासाठी जमिनीत विष मुरविणे हा कोणता न्याय?

जहाजांवरील ती तांबड्या पट्ट्यांची घड्याळे आता संग्रहालयांत गेली. १९९९ साली संकटसंदेशांची नवी उपग्रहयुक्त व्यवस्था पूर्णपणे अमलात आली. मुके एरियल मात्र प्रत्येक प्रयोगशाळेत अद्याप आहे. आपली लहर जेथे पोहोचते, तेथे दुसऱ्या कोणाची क्षीण हाक चाललेली असू शकते. म्हणून बोलण्याची तयारी दुसऱ्याला न अडविता करावी, एवढेच ते डब्यातले रोधक प्रत्येक नव्या चालकाला शिकवितात.