गाऱ्हाणं आणि साक्ष

"किती दिवस रडगाणं गाणार? झालं गेलं विसरा आता." हे वाक्य आपल्यातल्या प्रत्येकानं ऐकलंय. कॉलेजात ऐकलंय, कचेरीत ऐकलंय, मी खात्यात मशीनवर उभा असताना ऐकलंय. सांगणारा कोण असतो? ज्याच्या पाठीवर कधी वळ उठला नाही तो. त्याला तिथल्या तिथं उत्तर दिलंच पाहिजे. पण त्या भांडणात आपला स्वतःचा एक सवाल बाजूला पडतो. आपल्या आत बिचारेपणा मुरलाय का? मुरला असेल तर तो कुणी मुरवला, आणि तो काढायचा कसा? हा सवाल त्यांच्यासाठी नाही. आपल्या घरातला आहे.

त्यासाठी मी आज अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा आणि त्यांच्या ख्रिस्ती श्रद्धेचा इतिहास घेतोय. काहींच्या कपाळाला आठी पडेल. आपण बुद्धाची माणसं, आपल्याला येशूचं काय? जरा थांबा. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र धाडलं. १९६६ साली तिकडं ब्लॅक पँथर उभी राहिली, १९७२ साली मुंबईत दलित पँथर. आणि सूत कातणाऱ्या माझ्यासारख्याचं अजून एक नातं आहे, कापसाचं. १८६१ ते १८६५ तिकडं यादवी युद्ध पेटलं, गुलामांनी वेचलेला कापूस विलायतेला जायचा थांबला, तेव्हा मुंबईचे व्यापारी रातोरात गब्बर झाले. त्यांचा घाम आणि आपला घाम एकाच बाजारात विकला गेलाय.

तर आधी मालकाच्या धर्माकडं बघू. १८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, खास वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी. त्यात काय ठेवलं? दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हा पौलाचा उपदेश ठेवला. काय कापलं? मोशे आपल्या लोकांना फारोच्या गुलामीतून बाहेर काढतो तो भाग कापला. ख्रिस्तात दास आणि स्वतंत्र असा भेद नाही, हे सांगणारं गलतीकरांस पत्रातलं वचन कापलं. जुन्या कराराचा जेमतेम दहावा हिस्सा उरला. देवाच्या ग्रंथाला कात्री लावताना ह्या धर्मभिरूंचा हात थरथरला नाही. मनुस्मृती ज्यांना कळते त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण कात्री पुरली नाही. गुलामांना मोशेची गोष्ट कळायची ती कळलीच. १८३१ साली व्हर्जिनियात नॅट टर्नर नावाच्या गुलामानं उठाव केला. तो स्वतः प्रवचनकार होता, बायबल वाचणारा. त्याला फाशी झाली आणि १८३२ साली त्या राज्यानं काळ्यांना प्रवचन करायलाच बंदी घातली. मालकाला बंदुकीइतकीच भीती कशाची वाटली बघा. वाचणाऱ्या गुलामाची.

हॉवर्ड थर्मन नावाचा काळा धर्मचिंतक होऊन गेला. त्याची आजी गुलामीत वाढलेली. तिला वाचता यायचं नाही, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवायचा. पण पौलाची पत्रं ती बहुतेक वाचू द्यायची नाही. गोऱ्या मालकाचा पाद्री दासांनी आज्ञेत राहावं हे पौलाचंच नाव घेऊन सांगायचा, म्हणून तिनं ठरवलेलं, सुटका झाली तर तो भाग पुन्हा ऐकायचा नाही. दुसरी एक आठवण मात्र ती घोळून घोळून सांगायची. कधीमधी एखादा काळा, गुलामच असलेला प्रवचनकार यायचा आणि शेवटी समोरच्या दमलेल्या माणसांकडं बघून सांगायचा की तुम्ही गुलाम नाही, तुम्ही देवाची लेकरं आहात.

दोस्तहो, निरक्षर बाईनं अख्ख्या धर्मग्रंथाची निवड केली. काय घ्यायचं, काय फेकायचं, हे तिनं आपल्या पाठीवरच्या वळांना विचारून ठरवलं. बिचारेपणा सुटायची सुरुवात इथं होते. मालकानं दिलेलं नाव आपलं नाव नाही, हे कळतं तिथं.

हाच थर्मन १९३५ साली आपल्याकडं यायला निघाला, तेव्हा वाटेत कोलंबोत एका वकिलानं त्याला गाठलं. ख्रिस्ती लोकांनी तुम्हाला गुलाम केलं, आणि तुम्ही त्यांचाच धर्म सांगत फिरता? आपल्यातला कुणीही हेच विचारेल. थर्मननं पुढं १९४९ साली पुस्तक लिहून उत्तर दिलं. त्याचा मुद्दा असा, की येशू स्वतः गरीब होता, ज्यू होता, रोमन साम्राज्याच्या टाचेखालच्या जमातीतला होता. ज्यांची पाठ भिंतीला टेकलीय त्यांच्याशी त्याचं बोलणं आहे. भीती, लबाडी आणि द्वेष, दडपलेल्या माणसाला आतून पोखरणारे हे तीन किडे त्यानं नावानिशी दाखवले.

आता पुस्तकातून रानात चला. मिसिसिपी राज्यात १९१७ साली फॅनी लू टाऊनसेंड जन्मली. वीस भावंडांत शेवटची. आईबाप बटईनं कापूस पिकवणारे. सहाव्या वर्षी ती कापूस वेचायला लागली. बापानं कष्टानं खेचरं घेतली, जरा मान वर काढली, तर कुणा गोऱ्यानं खेचरांना विष घातलं. लग्नानंतर ती फॅनी लू हेमर झाली. थोडं लिहितावाचता यायचं म्हणून मळ्यावर तिला टाइमकीपर केलं. मालक काटा मारायचा. मालकाची पाठ वळली की फॅनी लू खरं वजन लावायची. १९६१ साली गाठ काढायची म्हणून दवाखान्यात गेली, तर डॉक्टरनं तिला न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. मिसिसिपीत काळ्या बायांवर हे सर्रास व्हायचं.

तिच्यापाशी रडायला काय कमी होतं?

१९६२ च्या ऑगस्टात रूलव्हिल गावातल्या विल्यम्स चॅपल ह्या छोट्या चर्चमध्ये विद्यार्थी चळवळीची सभा झाली. काळ्या माणसाला मत द्यायचा हक्क आहे, हे चव्वेचाळीस वर्षांच्या ह्या बाईला तिथं पहिल्यांदा कळलं. कोण कोण येणार म्हटल्यावर तिनं हात वर केला. ३१ ऑगस्टला अठरा जणं बसमधून इंडियानोला गावी नोंदणीला गेली. नोंदणी नाकारली. परतताना पोलिसांनी बस अडवली, बसचा रंग फार पिवळा आहे म्हणून दंड मारला. बसमध्ये माणसं गळाठली. फॅनी लू चर्चमधली गाणी म्हणायला लागली. त्याच रात्री मालक दारात. अर्ज मागं घे, नाहीतर मळा सोड. तिचं उत्तर असं होतं की नोंदणीला मी तुमच्यासाठी गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. अठरा वर्षांचं काम एका रात्रीत गेलं.

१९६३ च्या जूनमध्ये विनोना गावच्या तुरुंगात पोलिसांनी तिला झोडपलं. झोडपलं म्हणजे, दोन काळ्या कैद्यांच्या हातात दंडुका देऊन त्यांच्याकडून मारवलं. ही युक्ती आपल्या गावात कुणाला नवी आहे का? तिचं मूत्रपिंड कायमचं दुखावलं. शेजारच्या कोठड्यांत तिच्या सोबतिणी होत्या, त्यांनी मिळून गाणी म्हटली. जेलरच्या बायकोनं पाणी दिलं, तर फॅनी लूनं तिला प्रेषितांच्या कृत्यांतलं एक वचन वाचायला सांगितलं, देवानं सगळी राष्ट्रं एकाच रक्तातून घडवली ते. मार खाल्लेली बाई तुरुंगवाल्यांना धर्म शिकवत होती. खटला झाला, सगळे पंच गोरे, पोलीस निर्दोष सुटले.

मग २२ ऑगस्ट १९६४. अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढं ती बसली आणि सगळं सांगितलं. नाव, गाव, तारीख, कुणी मारलं, कसं मारलं. अध्यक्ष जॉन्सनला इतकी धास्ती, की टीव्हीचे कॅमेरे तिच्यावरून हटावेत म्हणून त्यानं मध्येच पत्रकारांना बोलावलं. रात्री तिचं बोलणं देशभर दाखवलं गेलंच. तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. काही मोठे पुढारी घ्या म्हणाले. हेमर आणि तिच्या सोबत्यांनी त्या नाकारल्या.

मराठी ख्रिस्ती बांधवांत एक शब्द आहे, साक्ष देणं. आपल्या आयुष्यात काय घडलं ते सभेत सांगणं. माझं सगळं म्हणणं ह्या शब्दात आहे. गाऱ्हाणं वर बघून घालतात, मायबाप सरकार म्हणून. साक्ष नजरेला नजर देऊन देतात. घडलेलं तेच असतं, वळ तेच असतात. गाऱ्हाण्यात दयेची वाट बघणं असतं, साक्षीत गुन्हेगाराचं नाव असतं. झालेलं विसरा म्हणणाऱ्यांना हा फरक कळू द्यायचा नसतो. त्यांना गाऱ्हाणं चालतं, साक्ष चालत नाही.

आता कुणी म्हणेल, मग ख्रिस्ती व्हायचं का? तसं नाही. धर्मांतर केलेल्या अस्पृश्यांबद्दल बाबासाहेबांनी परखड लिहून ठेवलंय. तुझी अधोगती तुझ्या पापामुळं, ही शिकवण मिळाली की माणूस परिस्थितीशी लढायचं सोडून देतो, असं त्यांचं निदान होतं. तमिळनाडूत काही गावांत दलित ख्रिस्त्यांची कबरस्तानंसुद्धा वेगळी ठेवलेली आढळली. हेमरही आंधळी भक्तीण नव्हती. जे पाद्री भिऊन चर्चची दारं चळवळीला बंद ठेवायचे, त्यांना ती भर सभेत झापायची. उघडणाऱ्यांना किंमतही मोजावी लागली. १९६४ साली विल्यम्स चॅपलवर पेटते बाँब पडले. म्हणजे त्याच क्रुसाखाली बसवणारा धर्मही होता आणि उभा करणाराही. आपल्या विहारालाही हाच काटा लावा. तिथून माणूस ताठ होऊन बाहेर पडतो, की नुसता वंदना आटोपून?

शेवटचा मुद्दा पोटाचा. मताचा हक्क मिळाला तरी भूक राहिलीच. १९६९ साली हेमरनं चाळीस एकरांवर फ्रीडम फार्म नावाची सहकारी शेती सुरू केली. सोबत डुकरांची बँक. कुटुंबानं डुकरीण पाळायची, पिल्लं वाढवायची, त्यातली काही दुसऱ्या गरजूंच्या घरी जायची. जो कालपर्यंत घेणारा, तो आज देणारा. पूर, दुष्काळ आणि कर्जानं ती शेती १९७० च्या दशकातच बुडाली. १४ मार्च १९७७ ला हेमर गेली, गरिबीतच. देशाचं सर्वोच्च नागरी पदक तिला मिळालं ते जानेवारी २०२५ मध्ये. तिनं त्याची वाट बघितली नव्हती.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढंच सांगणं. पुढच्या वेळी अत्याचाराच्या गावी जाल, तेव्हा हातात वही ठेवा. नाव, तारीख, वेळ, मारणाराचं नाव, फौजदारानं काय लिहिलं आणि काय गाळलं, सगळं उतरवा. मार खाल्लेल्या बाईला स्टेजवर नुसतं रडायला उभं करू नका, तिला तिच्या तोंडानं बोलू द्या. आणि परत निघण्याआधी त्या वस्तीत उद्याचं रेशन, उद्याचं काम ह्याची काही जोडणी लावून या.

जय भीम.